समोरच्या बारमधला ठिपका

कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे मंगळवारची अख्खी दुपार मी बारमध्ये बसून काढली. प्रत्यक्षात त्या दुपारी मी काकूंची पाठ पुसली, चादर बदलली आणि त्यांच्या डाव्या पायाची नखं कापली. नखं कापलेली त्या पायाला कळलीसुद्धा नाहीत, म्हणून वर शिव्या खाल्ल्या. पण माझ्या फोनने कंपनीला कळवलं की ही बाई समोरच्या बारमध्ये आहे. फोन कशाला खोटं बोलेल, असं कंपनीचं म्हणणं. मी मात्र बोलू शकते. माझ्यासारख्या बायका बोलतातच, असं त्यांनी धरूनच चालायचं असतं.

मी घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळते. उचलणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं, रात्री कुणाला झोप लागली नाही त्याचा राग सकाळी अंगावर घेणं. सगळे मला मावशी म्हणतात. माझ्याहून वयाने मोठे बाप्येही मावशीच म्हणतात, कारण नाव विचारलं की ते लक्षात ठेवावं लागतं.

काकू या गल्लीतली जुनी टेलरबाई. शाळेचे गणवेश, वेटरांचे कोट, नर्सांचे झगे, अर्ध्या गावाची मापं त्यांच्या डोक्यात. मग एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, हे नशीब. शेजारी म्हणाले, कुणाचं? तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं त्यांचं घर. मुलगा दूरच्या शहरात मोठ्या नोकरीत. काकू त्याला चिरंजीव म्हणतात, तोंडावरही. त्यानेच आमच्या कंपनीकडून मला लावून दिलं. दोन वर्षं झाली. मी काकूंना ओळखते आणि त्या मला ओळखतात. एकमेकींना आवडतो की नाही हे आम्ही अजून बोललेलो नाही.

सगळं नीट चाललं होतं. मग कंपनीने ॲप आणलं.

ॲप असं. रुग्णाच्या घराभोवती नकाशावर एक गोल. मी म्हणजे त्या गोलातला एक निळा ठिपका. दिवसातून कधीही, न सांगता, फोन कर्कश वाजतो. वाजला की पाच मिनिटांत ‘हजर’ दाबायचं, आणि दाबताना ठिपका गोलाच्या आत हवा. ठिपका दिवसभर कुठे कुठे होता तेही ग्राहकाला त्याच्या फोनवर दिसतं. ग्राहक म्हणजे चिरंजीव. रुग्ण म्हणजे काकू. हा फरक नीट ध्यानात ठेवा, सगळी भानगड तिथेच आहे.

पहिल्याच दिवशी फोन वाजला, मी ‘हजर’ दाबलं, आणि ठिपका आलाच नाही. नुसतं गोल गोल फिरणारं चक्र आणि खाली ‘स्थान शोधत आहे’. शोधत राहिलं. मी त्याच्या समोर उभी, हातात काकूंची पावडर.

मी सुपरवायझरला फोन लावला. पोरगेलासा आहे, उन्हातही टाय लावतो. आम्ही सगळ्याजणी त्याला टायच म्हणतो. टाय आला, टाय रागावला, टायला ताप आलाय.

“मावशी, लोकेशन ऑन आहे का?”

“आहे.”

“बंद करून परत चालू करा.”

“केलं.”

“फोन बंद करून चालू करा.”

“तोही केला.”

“बॅटरी सेव्हर चालू असेल.”

होता. बंद केला. काही नाही. मग त्याने ॲपची परवानगी तपासायला लावली, ‘फक्त वापरताना’ होती ती ‘नेहमी’ केली. तारीख-वेळ आपोआप लागते का ते बघायला लावलं. लागत होती. अचूकता वाढवायचं एक बटण कुठेतरी सहा दारांआड होतं, ते शोधून काढून दाबलं. कव्हर काढलं; त्याच्या मागे लोखंडाची पट्टी असते, ती म्हणे मध्ये येते. माझ्या कव्हरमागे बसचा पास होता. तोही काढला. ॲप काढून परत टाकलं. परत टाकल्यावर त्याने मला ‘आपले स्वागत आहे’ म्हटलं. पुढे तेच चक्र.

“आता फोन हातात धरा आणि हवेत इंग्रजी आठचा आकडा काढा,” टाय म्हणाला. “मोठा काढा. त्याने आतलं होकायंत्र ठिकाणावर येतं.”

मी खोलीच्या मध्ये उभी राहून हवेत आठ काढायला लागले.

काकू पलंगावरून बघत होत्या. “काय गं, माशा मारतेस?”

“ठिपका आणतेय.”

“कुठनं?”

“आकाशातनं.”

“आधी बेडपॅन आण. ते न्हाणीघरातनं आणायचंय, जवळ पडेल.”

टाय फोनवर हसला. मग त्याचा आवाज सरकारी झाला. “मावशी, हजेरी लागली नाही तर दिवस गैरहजर धरला जातो. फोन दाखवून घ्या. ही तुमची जबाबदारी आहे.”

ॲप त्यांचं, गोल त्यांचा, जबाबदारी माझी.

दुसऱ्या दिवशी कामावर यायच्या आधी मी मोबाईलवालीकडे गेले. जिन्याखाली कपाटाएवढं दुकान, त्यात ती आणि तिचा पंखा. तिने माझ्या फोनवर काहीतरी उघडलं. रंगीत दांडे वर-खाली व्हायला लागले.

“हा एकेक दांडा म्हणजे वर फिरणारा एकेक उपग्रह,” ती म्हणाली. “हिरवा म्हणजे त्याचा आवाज तुमच्या फोनला नीट येतोय. बघा, सगळं शेत हिरवं आहे. फोन ठणठणीत आहे मावशी. काम कुठे करता?”

मी गल्ली सांगितली.

“मग बरोबर. ती गल्ली म्हणजे विहीर आहे. दोन्हीकडे उंच इमारती, तुम्ही तळाला. चार उपग्रह तरी सरळ दिसायला लागतात, तिथे एखादा दिसत असेल. फोनला काही झालेलं नाही. तुम्हाला आकाश कमी पडतंय.”

“मग काय करू?”

“मोकळ्यावर जा. नाहीतर फोन खिडकीबाहेर धरा. पण समोर ती काचेची इमारत झालीय ना, त्या काचेवर आपटून सिग्नल येतो. फोन फसतो, तुम्हाला रस्त्यापलीकडे नेऊन बसवतो. काही सांगता येत नाही.”

तपासायचं काही घेतलं नाही तिने. मी टायला फोन केला, फोन चांगला आहे, घर वाईट आहे असं सांगितलं. तो म्हणाला, “घर बदलता येत नाही मावशी.” जसं काही मी मागितलं होतं.

मग त्या गल्लीत काम करणाऱ्या बाकीच्या दोघींनी मला युक्ती सांगितली. एक वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्याला सांभाळते, एक पलीकडे जुळ्यांना. फोन वाजला की पळायचं. गल्लीच्या तोंडाशी चौक आहे, तिथे आकाश आहे, आणि गोलाची कड बरोबर तिथवर पोचते. तिथे उभं राहून दाबायचं, ठिपका येतो, ‘हजर’ लागतं, परत पळत यायचं.

“आणि तेवढ्यात म्हातारा?” मी विचारलं.

“त्याला खुर्चीला बांधून जाते,” वरची म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. “ओढणीनं. सैल बांधते.”

नीट बघा काय चाललं होतं ते. आम्ही माणसापाशी असलो की गैरहजर. माणसाला टाकून चौकात पळालो की हजर. आणि हे आम्ही सगळ्याजणी करत होतो, रोज, धापा टाकत, एकमेकींना चौकात बघून हसतसुद्धा होतो. कंपनीने तर आलेख काढून दाखवलं होतं की हजेरी शंभर टक्के सुधारली.

मीही पळाले. आठवडाभर पळाले. मग एकदा काकू न्हाणीघरात कमोडच्या खुर्चीवर होत्या आणि फोन वाजला. “जा,” काकू म्हणाल्या, “मी कुठे पळून जातेय.” मी गेले. परत आले तर त्या डावीकडे कलंडलेल्या, डोकं भिंतीच्या कोपऱ्यात, उजव्या हाताने नळ धरून ठेवलेला. किती वेळ धरला होता कोण जाणे. बोटं पांढरी पडली होती. मी त्यांना उचलून बसवलं. हात नळावरून सोडवायला लागला, इतका घट्ट होता.

त्या ओरडल्या नाहीत. तेच वाईट होतं. फक्त म्हणाल्या, “लागली का तुझी हजेरी?”

“लागली.”

“मग झालं तर.”

त्या दिवसानंतर मी चौकात गेले नाही. जाणारही नाही. त्या ॲपची आई, तो गोल आणि तो टाय, सगळे गेले खड्ड्यात.

खिडकीबाहेर धरा असं मोबाईलवाली म्हणाली होती. काकू म्हणाल्या, पिशवी शिवू. आपल्या जुन्या पेटीतून त्यांनी मला अस्तराचं कापड काढायला लावलं. कापायला मी, मापं त्या. “अगं वाकडी! कापड आहे ते, कोबी नाही!” मग उजव्या हाताने सुई, कापड दाताखाली धरून, त्यांनी टाके घातले. अजून सरळ रेषा. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी सुई हातात घेतली होती, पण त्यावर दोघींनीही काही बोलायचं नाही असं न बोलता ठरलं. ती पिशवी मी खिडकीच्या गजाला बाहेरून टांगली आणि आत फोन ठेवला. वाजला की हात बाहेर घालायचा, दाबायचं. ठिपका आला. थोडा लटपटत, पण गोलात. सकाळी ‘हजर’, दुपारी ‘हजर’. काकू म्हणाल्या, “पोपट पाळल्यासारखं वाटतंय.”

आणि मग तो मंगळवार. सकाळी ठिपका घरात होता. दुपारी उपग्रह वर कुठे सरकले असतील, काचेवर काय आपटलं असेल, माझा ठिपका उठला, रस्ता ओलांडला आणि काचेच्या इमारतीच्या तळमजल्यावर जाऊन बसला. तिथे बार आहे. दाराशी दिवसासुद्धा लाल दिवा. मी काकूंच्या पायाशी बसून नखं कापत होते, आणि दूरच्या शहरात चिरंजीव आपल्या फोनवर बघत होते की आईची बाई दारू पितेय.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. माझ्या फोनवर, काकूंच्या नाही.

“मावशी, आज दुपारी कुठे होतात?”

“इथेच, दादा.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगतेय. काकूंना विचारा.”

“आईला काय विचारायचं? तिला कळतं का काही? तुम्ही म्हणाल ते ती म्हणेल.”

खोली लहान, फोन स्पीकरवर नव्हता, पण त्यांचा आवाज मोठा. काकूंनी ऐकलं. भिंतीकडे तोंड केलं. टेलरबाईने, जिने अर्ध्या गावाला कपड्यात बसवलं, तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाय स्वतः आला. हातात फोन, काखेत फाइल. दारातच म्हणाला, “मावशी, उद्यापासून इथे दुसऱ्या येतील. तुमच्या नावावर ‘रुग्णास सोडून गेली’ अशी नोंद झालीय.”

ती नोंद म्हणजे काय ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. चोरी केली तर एखादं घर घेतं परत. सोडून गेलेल्या बाईला कुणी दारात उभं करत नाही. या एका ओळीने माझा हात धरून मला सगळ्या घरांबाहेर काढलं असतं.

“मी कुठेही गेले नाही.”

“नकाशा सांगतोय.”

“नकाशाला विचारा मग, काकूंची नखं कुणी कापली.”

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. “ए टायवाल्या,” त्या म्हणाल्या. “इकडे ये. खिडकीपाशी उभा राहा. तुझा फोन काढ.”

“आजी, कशाला?”

“काढ म्हणते ना. मी तुझ्या फोनला खाणार नाही.”

त्याने काढला. गजाबाहेर हात धरला. आम्ही वाट बघितली. त्याचा निळा ठिपका आधी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, एखादी गाडी येऊन उडवेल असा. मग हळूहळू सरकला आणि बारमध्ये शिरला.

“सकाळी सकाळी?” काकू म्हणाल्या. “आईला ठाऊक आहे का?”

टाय हसला. खरंच हसला, माणसासारखं. मला वाटलं झालं, मिटलं. पण हसू पुसून त्याने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, “ते मलाही समजतं, आजी. पण नोंद सिस्टिममध्ये गेलीय. ती फिरवता येत नाही. मी फिरवायला गेलो तर माझ्यावर प्रश्न येतो.”

म्हणजे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरीही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. न समजणाऱ्याला समजावता येतं. समजून हात झटकणाऱ्याचं काय करायचं?

“दुसरा काही मार्गच नाही?” मी विचारलं. “ज्या घरात आकाश नाही तिथल्या बायकांनी काय करायचं? सगळ्यांनी काय गच्चीवर रुग्ण ठेवायचे?”

“आहे ना. तोंडी खात्रीचा पर्याय आहे. ग्राहकाने रोज एक फोन करायचा, मावशी आहे का विचारायचं, आम्हाला कळवायचं. मग ठिपक्याची गरज नाही. पण या घराच्या ग्राहकांनी तो पर्याय...” आणि तिथे तो थांबला. उशिरा थांबला.

“त्याने काय?” काकूंनी विचारलं.

टायने टायच्या गाठीला हात लावला. “त्यांना रोज फोन करणं जमणार नाही म्हणाले. ठिपका सोयीचा पडतो म्हणाले.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती, तो पुन्हा पुन्हा किक मारत होता.

“बरं,” काकू म्हणाल्या. “मग ग्राहकाच्या जागी मला घाला. घर माझं. आजारी मी. सांगते मी रोज, बाई आली का नाही ते.”

“रुग्णाला ग्राहक करता येत नाही, आजी. आधी ग्राहकाने मान्यता द्यावी लागते.”

“अंग अर्धं गेलंय माझं. डोकं सगळं आहे.”

“तुमचं बरोबर आहे, पण—”

“बरोबर आहे तर पण कशाला?”

टाय दाराकडे वळला. उद्या नवीन मावशी येतील असं परत सांगितलं, चहा नको म्हणाला, जो कुणी विचारलाच नव्हता, आणि गेला.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली. उद्यापासून मी या घरात नसणार, आणि बहुतेक कुठल्याच घरात नसणार. मी रडणारी बाई नाही. मी भांडी आपटणारी आहे.

“ए बये,” आतून हाक आली. “भांडी फोडून झाली की माझी निळी साडी काढ.”

“कशाला?”

“आणि खुर्ची उघड. चाकांची.”

चाकांची खुर्ची दाराआड दुमडून ठेवलेली होती. डॉक्टरकडे जाताना तेवढी निघायची, अँब्युलन्सपर्यंत. दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत आणि चिरंजीवांनी बजावलं होतं, उगाच बाहेर काढू नका, पडली बिडली तर.

“कुठे जायचंय?”

“जिथे तू काल दुपारभर बसली होतीस म्हणे, तिथे. बघू तरी कसलं ठिकाण आहे. तू तर रोजची गिऱ्हाईक.”

“काकू, डोकं फिरलंय का?”

“तेवढंच फिरतं आता. चल.”

मी साडी नेसवली. निऱ्या दोनदा घालून घेतल्या, पहिल्या त्यांना पसंत पडल्या नाहीत. पायऱ्यांवर खुर्ची अडली. मी समोर हात केला तर बारच्या दारातून दोन वेटर आले, काही न विचारता खुर्ची उचलली आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. रस्त्यावर काकूंनी मान वर करून बघितलं. दोन भिंतींच्या मध्ये आकाशाची पट्टी होती, अस्तराच्या चिंधीएवढी. “खरंच कमी आहे गं,” त्या म्हणाल्या.

आत थंड होतं आणि शिळ्या बिअरचा वास होता. दुपार उतरायची होती, गिऱ्हाईक दोनच. गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला. “टेलरबाई! तुम्ही?”

“का, बायकांना बंदी आहे?”

“नाही नाही. या.”

काकूंनी वेटरच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली. “हे कुणी शिवलं? खांद्यात कापड मारलंय. हात वर करून ट्रे धरतो बिचारा, बगलेत फाटणारच. माझ्या वेळचे कोट कुठे गेले?”

“ते अजून आहेत, बाई. दोन अजून चालतायत.”

“चालणारच.” लिंबू-सोडा मागवला, दोन. एक माझ्यासाठी. पेल्यात घट्ट करायची पावडर टाकून मी तो दाट केला, पातळ त्यांच्या घशात अडकतं. मालक बघत राहिला. मग काकू म्हणाल्या, “आता लाव त्याला. तोंड दिसेल असा लाव.”

मी व्हिडिओ कॉल लावला. चिरंजीव ऑफिसात होते, मागे काचेची भिंत. तिकडेही काच.

“मावशी, आता मी मीटिंगमध्ये—” आणि मग त्यांना चेहरा दिसला. “आई? तू कुठे आहेस?”

“बारमध्ये.”

“कुठे?”

“अरे, तुझ्या फोनवर बघ की. तुझा ठिपका काय म्हणतोय? आज पहिल्यांदा खरं बोलतोय तो.”

“आई, तू बाहेर कशी आलीस? मावशींनी आणलं? मावशी, तुम्हाला काही—”

“तिला नाही बोलायचं,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. गिऱ्हाइकाचं माप घेताना असायचा तसा होता. “काल दुपारी ती माझ्या पायाशी बसली होती. मी सांगते. मी, तुझी आई. हे तू मला विचारलं असतंस तर एका वाक्यात मिटलं असतं. पण मला कळत नाही म्हणे. आणि रोज एक फोन करायला तुला जमत नाही म्हणे.”

पडद्यावरचे चिरंजीव लाल झाले. “तसं नाही, आई. मला खरंच वेळ... तुला काय वाटतं, मला काळजी नाही? मी दिवसातून दहा वेळा तो नकाशा बघतो.”

“बघतोस ना. माझ्याकडे नाही बघत, तिच्या ठिपक्याकडे बघतोस.” त्यांनी सोड्याचा घोट घेतला, मी हनुवटी पुसली. “हे बघ. मी तुझ्याकडे फोन मागत नाही. नको करूस. मारून मुटकून केलेला फोन मला नको. मला एवढंच हवंय, त्या कंपनीला आत्ता सांग की ग्राहक म्हणून मला घाला. माझ्या घरात कोण आलं, कोण गेलं, हे मी सांगणार. आणि हिच्या नावावर जे लिहिलंय ते काढा म्हणावं.”

“ते नाही म्हणाले तर?”

“मग कंपनी बदल. नाहीतर मी इथेच बसते. बरं आहे इथे. पंखा आहे, लोक उचलून नेतात, कुणी मला कळत नाही म्हणत नाही.”

मालक गल्ल्यामागे खाली वाकून काहीतरी शोधत राहिला, बराच वेळ.

चिरंजीव मला म्हणाले, “मावशी.” माफी मागितली नाही त्यांनी. मी वाटही बघत नव्हते. “आई, मी आत्ता लावतो त्यांना. पण तू घरी जा. प्लीज.”

“जाईन तेव्हा जाईन. सोडा संपायचाय.”

सोडा संपायच्या आत टायचा फोन आला. ग्राहकांनी बदल मान्य केलाय, नोंद ‘तांत्रिक कारण’ म्हणून बदललीय, तुम्ही उद्या जा, रोजचा खात्रीचा फोन आता मीच आजींना करेन. आणि मावशी, तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात? मी म्हटलं, बारमध्ये. फोन ठेवला.

हे वाचून कुणाला वाटेल की जिंकलो. काही जिंकलो नाही. वरची अजून त्या म्हाताऱ्याला ओढणीने बांधून चौकात पळते, कारण तो बोलू शकत नाही आणि त्याचा मुलगाही ठिपकाच बघतो. जुळ्यांवालीही पळते. मी दोघींना सांगितलंय, पळू नका, लागू दे गैरहजेरी, सगळ्याजणी मिळून बसू टायच्या समोर. वरची म्हणाली, तुझ्यामागे टेलरबाई आहेत. हे खरं आहे, आणि ते मला रात्रंदिवस टोचतं. पण पुढच्या सोमवारी आम्ही तिघी जाणार आहोत कंपनीत. वरची हो म्हणालीय. अजून तरी.

माझ्या फोनला आजही या घरात आकाश मिळत नाही. मी लोकेशन बंदच करून टाकलं. शोधू नकोस बाबा, मी इथेच आहे.

बारमधून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी काकूंना आंघोळ घालत होते तेव्हा त्यांच्या फोनवर टायचा फोन आला. मी स्पीकर लावला आणि बादलीशेजारी ठेवला.

“आजी, नमस्कार. तोंडी खात्रीसाठी फोन केलाय. मावशी हजर आहेत का?”

“थांब,” काकू म्हणाल्या. “डोक्यावर पाणी चाललंय.”

तो थांबला. मी केस धुतले, साबण काढला, परत धुतले. पाठ चोळली. त्या मुद्दाम म्हणाल्या, मानेमागे राहिलंय, तिथेही चोळ. टाय तिकडे एकदा खाकरला. पंचा गुंडाळून झाल्यावर काकूंनी उजवा हात फोनकडे केला, मी तो तोंडाशी धरला.

“हं. आहे ती. इथेच आहे. तू कुठे आहेस?”

“मी? ऑफिसमध्ये, आजी.”

“कशावरून?”